जावळीच्या डोंगरात चार खोल्यांचं पाहुणेघर: आर्किटेक्ट म्हणतो काच, चुलती म्हणते वेड लागलंय

परळकर_जावळीवाला | ११ मे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आजोबा गिरणीत, वडील माथाडी. मी परळला वाढलो, आता मुलुंडला असतो. गाव जावळी तालुक्यात, बामणोलीच्या पुढे, कोयना धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला. वडिलोपार्जित तीन एकर आहे, त्यात थोडी भाताची खाचरं, बाकी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. बाबा गेल्या वर्षी गेले. गावचं घर त्याआधीच बसलं होतं. ते नुसतं उभं करण्यापेक्षा चार खोल्यांचं पाहुणेघर काढावं असं तेव्हापासून डोक्यात आहे. चुलतभाऊ आणि वहिनी गावीच असतात, ते चालवतील. बुकिंग मी इथून बघेन.

मुंबईतल्या एका आर्किटेक्टकडून आराखडा करून घेतला. चित्रं देखणी आहेत, नाकारत नाही. आमच्या जमिनीच्या टोकाला एक सपाट कट्टा आहे. तिथून खाली पाणी आणि समोर वासोट्याकडची रांग दिसते. इमारत त्या कट्ट्यावर, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे छोटा पोहण्याचा तलाव, आत भिंतींवर वारली चित्रं. खर्चाचा आकडा बघून पोटात गोळा आला, तो भाग वेगळा.

चुलतीला मोबाइलवर दाखवलं. तिनं चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाली, "तितं आमी गवताची उडवी बी रचत न्हाय." का, तर म्हणे पावसात ये आणि बघ.

मला जुन्या पद्धतीचं, तिथल्या मातीतलं काहीतरी हवंय, पण पाहुणे राहू शकतील असं. कुणी केलंय का? कुठून सुरुवात करावी?

आयटीतला_नांगर

वाचनखूण साठवली. आमचंही स्वप्न हेच, फक्त जमीन नाही, पैसे नाहीत आणि चुलती नाही.

कौलारू

चुलतीचं ऐका, पण आधी कारण समजून घ्या. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, आणि घाटमाथ्यावर तो सरळ पडत नाही, आडवा मारतो. जुन्या घरांची पश्चिमेची भिंत म्हणूनच जवळजवळ आंधळी असायची. फार तर एक झरोका. दार पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला पडवी, तिचं पाखं इतकं खाली उतरलेलं की आत जाताना मान वाकवावी लागायची. पावसाळ्याच्या तोंडावर त्या पडवीला गवताच्या किंवा बांबूच्या ताट्या बांधायच्या, दिवाळीत सोडायच्या.

तुमची पंचाईत अशी की दृश्य पश्चिमेला आहे आणि झडही पश्चिमेलाच. तिथे काच लावली तर जून ते सप्टेंबर रबरी पट्ट्यांतून पाणी गळेल, आणि ऑक्टोबर ते मे दुपारभर खोली भाजेल. मग एसी लावाल. डोंगरात बसून एसी.

मधला मार्ग आहे. पश्चिमेला खोल पडवी ठेवा, आठ-नऊ फूट. पाहुण्यांनी दृश्य तिथे बसून बघावं, अंथरुणातून नाही. खोल्या त्यामागे. छपराचा उतार तीस अंशांच्या खाली आणू नका. पागोळ्या जोत्यापासून लांब पडल्या पाहिजेत, पण वळचण नुसतीच चार फूट हवेत लोंबती ठेवलीत तर वारा खालून शिरून छप्पर उचलेल. तिला खांबाचा आधार द्या, म्हणजे ती आपोआप पडवीच होते.

दगडमाती_सिव्हिल

मी पेशानं सिव्हिल, त्यामुळे थोडं रुक्ष बोलतो.

तुम्ही "सपाट कट्टा" म्हणालात तिथेच थांबलो. डोंगरउतारावर आपोआप सपाट झालेली जागा असेल तर पहिला प्रश्न विचारायचा, ती सपाट का झाली? कधी कधी ती जुन्या घसरणीचीच पायरी असते. नक्की असंच आहे असं मी मुलुंडकरांना इथे बसून सांगणार नाही. भूगर्भ कळणाऱ्या माणसाला एकदा जागेवर न्या. स्वतः बघायच्या खुणा: झाडांचे बुंधे खालून वाकून वर सरळ झालेत का, जमिनीला उताराला आडव्या भेगा आहेत का, पावसात अचानक नवा झरा फुटतो का, नेहमीचा झरा गढूळ होतो का.

३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये दरड कोसळून १५१ माणसं गेली. २०२१ च्या जुलैत तळिये, आणि त्याच दिवसांत तुमच्या शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. ही नावं घाबरवायला लिहीत नाही. उतार कापायचा नाही हे एकदा डोक्यात बसावं म्हणून लिहितोय. जेसीबी लावून डोंगराची मागची बाजू उभी कापायची, समोर भराव टाकायचा आणि भरावावर जोतं बांधायचं, हा आजचा सर्रास प्रकार आहे. भराव बसतो, कापलेला कडा सुटतो. त्यात भरावाच्या टोकाला पोहण्याचा तलाव! एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. ते कुठे ठेवताय ते बघा.

पायऱ्यापायऱ्यांनी बांधा. चार खोल्या एका जोत्यावर असल्याच पाहिजेत असं नाही. दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येकीचं जोतं आपापल्या उंचीवर. आधारभिंत लागलीच तर चुना-सिमेंट न घालता रचलेला दगडी गडगा चांगला, कारण त्याच्या फटींतून पाणी निघून जातं. काँक्रीटची भिंत घातलीत आणि तिला पाणी जायला भोकं ठेवली नाहीत, तर ती धरण होते.

दुसरं, भूकंप. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का तुमच्या चुलतीला आठवत असेल. "पूर्वीची घरं मजबूत होती" हे अर्धसत्य आहे. लाकडी खांब-तुळयांवर छप्पर तोललेलं असेल तर भिंत पडली तरी छप्पर उभं राहतं. पण मातीत रचलेली जाड दगडी भिंत, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये नुसता भराव, अशी असेल तर ती हलल्यावर फुगते आणि सुटते. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला हेच झालं, वर धाब्याचं जड छप्पर होतं म्हणून आणखी वाईट. भिंतीच्या आरपार जाणारे दगड ठरावीक अंतरावर घाला, दारं-खिडक्यांच्या डोक्यावर सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा फिरवा, छप्पर हलकं ठेवा. भारतीय मानकांपैकी आयएस १३८२७ मातीच्या बांधकामासाठी आहे, आयएस १३८२८ दगड-विटांच्या कमी ताकदीच्या बांधकामासाठी. गवंड्याला वाचायला देऊ नका, स्वतः वाचा.

सातबारा_काका

सगळे कौलावर चढले, कुणी सातबारा विचारला नाही. नावं किती आहेत हो उताऱ्यावर?

परळकर_जावळीवाला

चौदा. त्यातले तीन वारलेत.

सातबारा_काका

झालं. मग पहिली वीट तलाठ्याकडे. वारसनोंद, मग वाटणीपत्र, मग मोजणी. सामाईक जमिनीवर बांधलंत तर धंदा चालायला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी बोरिवलीचा चुलत-चुलत भाऊ हजर होईल.

तुमची वडिलोपार्जित आहे म्हणून बरं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, हे आयटीवाल्या नांगरासाठी लिहितोय. पुढे बघायचं ते असं: तुमच्या जमिनीचा गट अभयारण्याच्या किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या संवेदनशील पट्ट्यात आहे का. वनखात्याची हद्द कुठून जाते. तुमचं गाव नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पाच्या यादीत आहे का, असेल तर परवानगी कुणाकडे मागायची तेच बदलतं. शेती चालू ठेवून करणार असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. चार खोल्यांना ते पुरतं. आधी कागद, मग काच.

ओवी_दादर

मला वारली चित्रांवर बोलायचंय. वारली समाज पालघर-डहाणू-तलासरीकडचा. जावळीच्या घरात त्यांची चित्रं काढून "स्थानिक परंपरा" म्हणणं म्हणजे घाटावरच्या लग्नात कोळीनृत्य बसवण्यासारखं आहे. जावळीच्या घरात काय असतं? दारात सडा, उंबऱ्यावर रांगोळी, तुळस, पडवीत टांगलेली इरली, कोनाडे. कोनाडाच घ्या ना. जाड भिंतीतला कोनाडा सुंदर दिसतो, पाहुण्यांचा चष्मा-चार्जर त्यात राहतो, वेगळं टेबल लागत नाही.

कुडाच्या भिंतीचा मोह मलाही होता. पण त्याला लागणाऱ्या कारवीच्या काठ्या आणणार कुठून? ती वनखात्याच्या जागेत, आणि तिकडे बराचसा भाग कोयना अभयारण्याचा. सात वर्षांनी फुलते ती बघायला जा, तोडायला नको. त्याऐवजी लोकांच्या बांधावरचा बांबू घ्या. २०१७ मध्ये केंद्रानं कायदा बदलला, वनाबाहेर लावलेला बांबू आता कायद्यानं "झाड" नाही, त्यामुळे तोड-वाहतुकीची कटकट कमी झाली. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो, वाशांना चालतो. बांबू पावसाळा संपून थंडी पडल्यावर तोडायचा, तेव्हा त्यात साखर-पिठूळपणा कमी असतो, भुंगा कमी लागतो. जुनी माणसं अंधाऱ्या पंधरवड्यात तोडून वाहत्या पाण्यात ठेवायची. आता बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात बुडवतात. हे न करता लावलात तर दुसऱ्या वर्षी रात्री कुरकुर ऐकू येते आणि सकाळी पाहुण्यांच्या उशीवर पिवळी भुकटी.

अवांतर: दीदी काँट्रॅक्टर (१९२९–२०२१) यांची कांगड्यातली मातीची घरं जरूर बघा. वास्तुकलेचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्याआधी त्या आपल्या जुहूला राहायच्या.

आयटीतला_नांगर

केरळात स्वस्त घरं बांधणाऱ्या आर्किटेक्ट लॉरी बेकरना गांधीजींनी सांगितलं होतं ना, की घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं. परळकरांच्या पाच मैलांत निम्मं धरण आहे.

मेढ्याची_सून

मी काहीशी चिडून लिहितेय, समजून घ्या.

माझं माहेर ठाण्याचं, सासर त्याच बाजूचं. शेणानं सारवलेली जमीन फोटोत छान दिसते. सारवतं कोण? माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं दर आठवड्याला सारवलं, गुडघे गेले. कौलारू छपराचं कौतुक करणाऱ्यांनी मे महिन्यात शाकारणीला, म्हणजे कौलं काढून पुन्हा लावायला या. पूर्वी वाडीतली पाच-सहा माणसं एकेका घरावर चढायची, आज तुझं उद्या माझं. आता ती माणसं कुठे आहेत? परळला आणि मुलुंडला. आणि वानरं! टोळी एकदा छपरावरून गेली की तीस-चाळीस कौलं खलास. गावात पत्रे का आले? लोकांना सौंदर्य कळत नव्हतं म्हणून नाही, वर चढायला माणूस उरला नाही म्हणून.

चार खोल्यांचं सारवण, पाहुण्यांच्या चादरी, तीन वेळचं रांधणं हे सगळं तुमची वहिनी करणार, असं मी धरून चालते. आराखडा चुलतीला दाखवलात. वहिनीला दाखवलात का?

परळकर_जावळीवाला

नाही दाखवला. खरंच नाही.

कौलारू

सूनबाई, मान्य. यावर एक तडजोड चालते: खाली रंगीत पत्रा, त्यावर उभ्या-आडव्या रिपा, वर मंगळोरी कौल. वानरानं कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही, सवडीनं बदला. मधल्या पोकळीतून हवा खेळते, ऊन खाली उतरत नाही, पत्र्यावरचा पावसाचा ताशाही ऐकू येत नाही. मंगळोरी कौलसुद्धा काही आपलं सनातन नव्हे. एकोणिसाव्या शतकात बासेल मिशन या युरोपीय मिशनऱ्यांच्या मंगळूरच्या कारखान्यांतून ते पसरलं, त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं आणि गवत. गवताचा विचार असेल तर सोडा. फेब्रुवारीनंतर तिकडे डोंगरांना वणवे लागतात.

जमिनीला शहाबादी फरशी घाला. एखाद्या ओसरीपुरतं सारवण ठेवा, आणि त्याची मजुरी रोख द्या.

चाळकरी_गिरगाव

लाकडाबद्दल कुणीच बोललं नाही. आमची चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. शंभर वर्षांचं बर्मा टीक आहे, तुळया, गॅलरीचे खांब, कठडे. ठेकेदार ते वजनावर उचलतात आणि पुढे सोन्याच्या भावानं विकतात. नवीन साग तोडण्यापेक्षा हे बघा. खिळे काढावे लागतील, पण वाळवी लागून गेलेलं नाही, मुरलेलं आहे. दिवाळीनंतर पाडकाम, असं सध्या म्हणतात. आमची कमिटी "सध्या" हा शब्द २०१६ पासून वापरते.

परळकर_जावळीवाला | २३ जुलै

मंडळी, धागा वर काढतोय. पाच दिवस गावी राहून आलो. मेढ्यापर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटचं चालत.

पहिल्याच संध्याकाळी छत्री घेऊन कट्ट्यावर गेलो. छत्री तिथेच राहिली, म्हणजे तिच्या काड्या राहिल्या. वारा खालून, पाण्याकडून चढून येतो आणि कट्ट्याच्या तोंडाशी उसळतो. पाऊस वरून नाही, खालून तोंडावर येत होता. मी गंमत करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्याच्या मागच्या बाजूला, जिथे आराखड्यात स्वयंपाकघर आहे, तिथे जमिनीतून पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं. भाऊ म्हणाला, हे दर वर्षी आषाढात, श्रावणात बंद. दगडमातीसाहेब, तुमची आठवण झाली. आणि हो, काठावरच्या दोन ऐनांचे बुंधे खालून वाकलेले आहेत.

मग चुलतीनं जुन्या घराची जागा दाखवली. मी लहानपणापासून पाहिलेली, पण कधी अशी बघितली नव्हती. कट्ट्यापासून पन्नास-साठ पावलं वर, एका सोंडेच्या आड. पश्चिमेला सोंड, तिच्यावर आंबा आणि जांभूळ. तिथे उभं राहिलो तर वाऱ्याचा आवाज डोक्यावरून जात होता आणि अंगाला फक्त तुषार. पाणी दोन्ही बाजूंच्या ओघळींनी वाहून जातं, मध्ये जोतं कोरडं. दगडी जोतं अजून शाबूत आहे, कंबरभर उंच, फक्त एका कोपऱ्यात पिंपळ शिरलाय. तिथून धरण दिसत नाही. त्यासाठी पन्नास पावलं चालावं लागतं.

सूनबाई, वहिनीशी बोललो. चुलीपाशी, भाऊ बाहेर गेल्यावर. तिला पाहुणे हवेत, पण चार खोल्या नकोत, दोन हव्यात. "चार झाल्या तर मी मोलकरीण हुईन, दोन झाल्या तर मालकीण." स्वयंपाकाला वाडीतल्या आणखी दोघी, पैसे ज्याचे त्याच्या हातात. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, पावसात कुर्डू-भारंगी. पनीर मागणाऱ्यांनी महाबळेश्वरला जावं, असं ती म्हणते. तिच्या आणखी दोन अटी: संडास घरापासून लांब नको, आणि न्हाणीचं पाणी दारात साचायला नको.

म्हणून प्रश्न. एप्रिल-मेमध्ये झरा करंगळीएवढा होतो. पाण्याचं काय करावं?

दगडमाती_सिव्हिल

गणित सोपं आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. तुमचं छप्पर ऐंशी चौरस मीटर धरू, पाऊस दोन हजार मिलिमीटर धरू, खरा त्याहून जास्तच असेल. एक लाख साठ हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी सव्वा लाखाच्या वर. चार पाहुणे, दिवसाला माणशी शंभर लिटर, फेब्रुवारी ते मे रोज घर भरलेलं, तरी अठ्ठेचाळीस हजार. पन्नास हजार लिटरची फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेली टाकी पुरते. निम्मी जमिनीत घ्या, पण घराच्या वरच्या बाजूला नको. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, छप्पर धुऊन निघू दे. पिण्याचं उकळून.

संडास दोन खड्ड्यांचा. एक भरला की दुसरा सुरू, पहिल्याचं वर्ष-दोन वर्षांत खत होतं. झऱ्याच्या वरच्या अंगाला चुकूनही नाही, खालीसुद्धा भरपूर लांब. मात्र पावसात तिथली जमीन पाण्यानं भरत असेल तर खड्डे उथळ आणि उंचावर घ्या. न्हाणीचं पाणी कर्दळ आणि केळीला.

आणि कट्टा जसा आहे तसा सोडा. दोन दगडी बाकं, बस.

ओवी_दादर

त्या बाकांपाशी दिवे लावू नका, प्लीज. मेच्या शेवटी तिकडे काजवे येतात. घरातही पिवळे, खाली तोंड केलेले दिवे.

वहिनींचा नंबर मिळेल का, बुकिंगसाठी? पहिलं माझं.

सातबारा_काका

वाटणीपत्र?

परळकर_जावळीवाला | १९ नोव्हेंबर

काका, अकरा सह्या झाल्या. बोरिवलीचा खरोखरच निघाला, तुम्ही म्हणालात तसा. त्याला एकच हवं होतं, गणपतीत चार दिवस राहायला खोली. लिहून दिलं.

आर्किटेक्टशी हिशेब मिटवला. नवीन आराखडा सातारच्या एका मुलीनं केलाय, जुन्याच जोत्यावर, पिंपळ काढून तो कोपरा पुन्हा रचून. गवंडी मेढ्याचा, साठीचा. चुना तो स्वतः भिजवतो, गूळ आणि हिरडा घालून. दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा नाही, ओल आत कोंडते, असं त्यानंच मला ऐकवलं. भिंती पाच फुटांपर्यंत दगडी, डोक्यावर पट्टा, त्याच्या वर बांबूचा हलका कूड. छप्पर कौलारू यांच्या सांगण्याप्रमाणे, पत्र्यावर कौल. वहिनीनं नकाशात एकच बदल केला. स्वयंपाकघराची खिडकी पडवीच्या बाजूला सरकवली, म्हणजे रांधताना कोण आलं-गेलं दिसेल.

गवंडी आता तुळयांसाठी थांबलाय. चाळकरी, पाडकाम कुठवर आलं?

चाळकरी_गिरगाव

विश्वास बसणार नाही, पण सोमवारी सुरू झालं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या तुळया खाली उतरल्यात. ठेकेदाराशी बोललो, सहा तुळया बाजूला ठेवायला तयार आहे, भाव घासाघीस करून. आमच्या दारासमोरची आहे तिच्यावर माझ्या बहिणीनं खिळ्यानं कोरलेलं नाव आहे, तेवढं रंधा मारून काढू नका. लांबी मोजली, साडेबारा फूट. चालेल?

परळकर_जावळीवाला

गवंड्याला फोन केला. पडवीला बारा हवी, म्हणजे चालेल. रविवारी येतो. गिरगावात टेम्पो आत शिरेल का, की ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत खांद्यावर आणायची?